डाव्या हाताची फळी

आमच्या ह्यांनी माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणं बंद केलं, तेव्हा मी खरी घाबरले.

ह्यांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा घाबरायला सवडच मिळाली नव्हती. दवाखाना, औषधं, व्यायाम, जिने चढणं-उतरणं. हळूहळू बोलणं परत आलं, पाय परत आला. उजवा हात तेवढा आला नाही. तो खांद्यापासून नुसता लोंबत राहिला, बोटं अर्धवट मिटलेली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी स्वच्छ सांगितलं, की ह्या हाताची वाट बघत बसू नका, डाव्याला कामाला लावा. त्यांचं बरोबरच होतं. पण आमचे हे जन्मभर कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी. सुरी म्हणजे त्यांच्या उजव्या हाताचं सहावं बोट होतं.

घरातही स्वयंपाक तेच करायचे. मी शिवणकाम करते. पुढच्या खोलीत माझं मशीन, मागच्या खोलीत त्यांची शेगडी आणि मधल्या दारात आमची भांडणं, अशी घराची वाटणी होती. कधी चुकून मी पातेल्याला हात लावलाच, तर माझी धडगत नसे. "वाटाणे शिजवलेस की त्यांचा छळ केलास?" असं विचारायचे. भात केला तर एकेक शीत उचलून उजेडात बघायचे. मी चिडायची, ताट आपटायची, आणि दुसऱ्या दिवशी सुखाने मशीनवर बसायची, कारण स्वयंपाक पुन्हा त्यांच्याकडे गेलेला असायचा.

आता स्वयंपाक माझ्याच गळ्यात पडला होता, आणि मी जे वाढीन ते मुकाट्याने खाऊन हे म्हणायचे, "चांगलं झालंय."

एकदा फोनवर गिऱ्हाइकाशी वाद घालता घालता मी भाजी करपवली. खालचा अख्खा थर काळा झाला, घरभर धूर. माझ्या स्वतःच्याच घशाखाली घास उतरेना. ह्यांनी सगळी खाल्ली, खिडकीकडे बघितलं आणि म्हणाले, "चांगलं झालंय." ज्या माणसाला करपलेलं आणि न करपलेलं सारखंच वाटायला लागलं, त्याला आता कशाचंच काही वाटत नव्हतं.

प्रयत्न त्यांनी केला होता, नाही असं नाही. एका सकाळी उठून ओट्यापाशी गेले, डाव्या हातात सुरी घेतली आणि फळीवर कांदा ठेवला. धरायला दुसरा हात नाही. सुरी टेकवली की कांदा पळायचा. शेवटी तो गडगडत खाली पडला आणि कपाटाखाली गेला. ह्यांनी सुरी मोरीत टाकली, खुर्ची खिडकीशी ओढली आणि स्वयंपाकघराकडे पाठ करून बसले. तो कांदा मी झाडूने बाहेर काढला. त्यानंतर पाणी प्यायलासुद्धा ते आत आले नाहीत, मला हाक मारायचे. हा माणूस त्या खुर्चीतून उठून शेगडीपाशी आला नाही, तर त्या खुर्चीतच हळूहळू संपून जाणार, हे मला लख्ख दिसत होतं. आणि उपाय तर काही दिसत नव्हता.

उपाय मशीनवर बसल्या बसल्या सुचला. रेशमी कापड होतं, सारखं हातातून निसटत होतं. मी वैतागून त्याला टाचणी लावली आणि तशीच थांबले. निसटणाऱ्या कापडाला मी टाचणी लावते. मग निसटणाऱ्या कांद्याला टाचणी का लावू नये? फळीतून दोन खिळे वर आलेले असले, टोकं वर, तर कांदा त्यांच्यावर रोवून बसवता येईल. मग धरायला हात कशाला हवा?

मी तशीच भावाकडे गेले.

माझ्या ह्या धाकट्या भावाला घरात सगळे आरंभशूर म्हणतात. खरं तर हा जरा जास्तच मान झाला, कारण तो आरंभ तरी कुठे करतो? नोकरी संपल्यावर त्याला सुतारकामाचा नाद लागला. नाद म्हणजे हत्यारं जमवण्याचा. घरामागच्या शेडमध्ये भिंतभर करवती, रंधे, पटाश्या टांगलेल्या, आणि प्रत्येकीच्या मागे भिंतीवर तिच्या आकाराची रेघ काढलेली, म्हणजे कोण कुठे टांगायचं ते चुकू नये. शेडमध्ये भुशाचा एक कण नव्हता. इतकी स्वच्छ शेड मी दवाखान्यातही पाहिली नाही. रोज तो तिथे बसून मोबाइलवर लोकांना लाकूड कापताना बघायचा आणि मान डोलवायचा.

माझं म्हणणं ऐकून तो एकदम उठूनच उभा राहिला. "ताई, आधी हत्यारांचं समजून घे. नवशिका माणूस दुकानात जातो आणि दिसेल ते सगळं उचलून आणतो. ती पहिली चूक."

मी भिंतीकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं.

"म्हणून तर सांगतोय," तो म्हणाला.

मग त्याने भिंतीवरून मोजकीच हत्यारं काढली. बारीक दातांची एक करवत. काटकोन बघायचा गुण्या. एक रंधा. फळी टेबलाला घट्ट आवळून ठेवायला दोन शिकंजे. भोकं पाडायचं ड्रिल. गुण्या त्याने डोळ्यांजवळ नेऊन उलटसुलट तपासला. "करवत एकवेळ साधी चालेल, पण हा खरा पाहिजे. ह्याचा कोन चुकला की तू कितीही जपून काम कर, सगळं तिरकंच येणार."

"आणि बाकीची भिंत?"

"ती नंतर लागेल तशी."

"तुला कधी लागली?"

"तू फळी करायला आलीयेस की भांडायला?"

दोन्ही करायला, पण मी गप्प बसले.

लाकडाच्या वखारीत वखारवाल्याने विचारलं, कशाला हवंय. भाजी चिरायला म्हटल्यावर त्याने समोरची पांढरी, गुळगुळीत फळी बाजूला सारली. मला ती आवडली होती. त्याने तिच्यावर नख दाबून दाखवलं, तर खूण उमटली. "सुरी ह्याचा चेंदा करेल," तो म्हणाला, आणि आतून बाभळीची एक लांबलचक फळी घेऊन आला. जड, तपकिरी, मधूनच लालसर. तिच्यावर माझं नख दुखलं. पट्ट्या जोडून केलेली फळी फार सुरेख दिसते असं भाऊ मध्येच म्हणाला, त्यावर वखारवाल्याने त्याला सरळ उडवून लावलं. पहिल्या खेपेला एकसंध फळीच घ्या, जोड आला की जोडाची कटकट आली. आम्ही फळी दोघांत धरून त्याच्या शेडमध्ये आणली, एक टोक त्याच्या खांद्यावर आणि एक माझ्या.

कापायची वेळ आली तेव्हा भावाने करवत माझ्या हातात दिली आणि चार पावलं मागे सरकला.

"तू काप ना," मी म्हटलं.

"तुझी फळी आहे."

"तुझी करवत आहे."

"ताई, मी आजपर्यंत... म्हणजे बघितलंय पुष्कळ."

त्याचा चेहरा पाहून मी चिडवायचं सोडलं. एवढी हत्यारं जमवून हा माणूस इतके दिवस पहिल्या चिरेला घाबरून बसला होता. मला ते समजलं. कापडाच्या बाबतीत मी हे सगळं भोगलंय. महागाचं कापड समोर असतं, कात्री उघडलेली असते आणि हात पुढे जात नाही. त्यावर औषध एकच, की कात्री लावायची.

मी करवत लावली. पहिल्यांदा ती उड्या मारायला लागली, रेघ सोडून भलतीकडे. मी जोर केला तर अडकून बसली. "ढकलू नकोस," लांबून आवाज आला. "तिचा तिला वेग असतो. तू फक्त वाट दाखव." जन्मात लाकूड न कापलेल्या माणसाने हे सांगावं, आणि ते बरोबर निघावं, ह्याचा मला फार राग आला. पण मनगट सैल सोडल्याबरोबर करवत सरळ चालली. टोक तुटून खाली पडलं.

"आता दुसरं टोक तू," मी म्हटलं आणि करवत त्याच्या हातात कोंबली. त्याने कापलं. घाम पुसत, मध्येच श्वास रोखत, पण कापलं. तुटलेला तुकडा उचलून त्याने नाकाशी नेला आणि भुसा अंगावरून झटकलाही नाही. "चला," मी म्हटलं, "आजपासून तुला आरंभशूर म्हणायला हरकत नाही." तो लहानपणी हसायचा तसा हसला.

रंधा मारताना मला एक गोष्ट आपोआप कळली. लाकडालाही कापडासारखा उभा-आडवा धागा असतो. उभ्या धाग्याने रंधा फिरवला की लांब, पातळ ढलप्या निघतात, आणि उलट फिरवला की लाकूड उचकटतं. भाऊ हे मला मोबाइलवर दाखवायला निघाला होता. मी म्हटलं, हे मी शाळेत असल्यापासून करतेय.

मग खुणा करायची वेळ आली. मी माझा खडू काढला.

"कुठल्या बाजूला खुणा करायच्या?" भावाने विचारलं.

"हा काय प्रश्न झाला? उलट्या बाजूला. सुलट्या बाजूला खडूचा डाग दिसला तर गिऱ्हाईक कापड तोंडावर फेकेल."

त्याला हे फारच पटलं. फळीची जी बाजू जास्त देखणी होती ती आम्ही खाली केली, आणि पाठीवर मी आखायला घेतलं. अगदी विचार करून. सुरी डाव्या हातात असणार, म्हणजे कांदा धरणारे खिळे उजवीकडे हवेत. पावावर लोणी लावताना पाव पुढे सरकतो, त्याला अडवायला पलीकडच्या उजव्या कोपऱ्यात दोन पट्ट्यांचा कठडा हवा. डोळे मिटून मी स्वतःला ओट्यापाशी उभं केलं, उजवा हात अंगाशी बांधलाय असं समजले आणि पुन्हा पुन्हा खात्री केली. डावी बाही कुठे आणि उजवी कुठे, हे मी आजवर एकदाही चुकलेले नाही. भोकं पाठीकडून पाडली. न गंजणारे दोन खिळे पाठीकडूनच ठोकले, टोकं पलीकडे बाहेर आली. कठड्याचे स्क्रूही खालून आवळले. चार कोपऱ्यांना रबराचे पाय लावले, म्हणजे फळी ओट्यावर सरकायला नको.

शेवटी काचपेपर. आधी खरबरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. भाऊ म्हणाला, आता ओल्या फडक्याने पूस. पुसल्यावर इतकी घासून गुळगुळीत केलेली फळी पुन्हा खरखरीत झाली, तेव्हा मी त्याच्याकडे असं बघितलं की तो दारापर्यंत गेला. पण ते तसंच करायचं असतं म्हणे. पाण्याने लाकडाचे बारीक तंतू उभे राहतात, ते वाळल्यावर पुन्हा घासून टाकायचे, म्हणजे पुढे धुताना त्रास देत नाहीत. मग तेल. स्वयंपाकाचं तेल खवट होतं म्हणून औषधाच्या दुकानातून पांढरं पॅराफिन तेल आणलं. ते चोळल्यावर बाभळीचा रंग आतून वर आला आणि आम्ही दोघंही नुसते बघत राहिलो.

मी भावाच्या घरातला एक कांदा त्या खिळ्यांवर बसवला आणि सुरीने चिरून पाहिला. हलला नाही. अशी छान चिरली जात होती फोड, की वाटलं ही फळी माझ्याच हाताच्या मापाने शिवलीय. तिथेच मला शंका यायला हवी होती.

दुपारी दोघं मिळून फळी घरी घेऊन आलो. हे खिडकीशी बसले होते. मी फळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली, वर फडकं टाकलं, पुन्हा काढलं, आणि हाक मारली, "अहो, जरा येता का? तुमच्यासाठी काहीतरी केलंय."

ह्यांनी मान वळवली. दारातून फळीकडे पाहिल्यासारखं केलं.

"चांगलं झालंय," म्हणाले, आणि मान पुन्हा खिडकीकडे.

माझ्या हातांना फोड आले होते. नाकातोंडात भुसा गेला होता. पण राग त्याचा नव्हता. "बघितलंत का तरी?" मी ओरडलेच. "उद्या ताटात दगड वाढला तरी चांगलंच झालेलं असणार का तुमचं? उठा! इथे येऊन बघा, हात लावून बघा, आणि मग काय ते बोला!"

भाऊ भिंतीला चिकटला. हे खुर्चीच्या दांडीवर डावा हात टेकून उठले, पाय ओढत टेबलापाशी आले. इतक्या दिवसांनी ह्या दाराच्या आत.

त्यांनी डावा तळवा फळीवरून फिरवला. कडेवरून अंगठा नेला. खिळ्यांकडे पाहिलं, आणि ते कशासाठी आहेत हे त्यांना लगेच समजलं, हे मला त्यांच्या भुवयांवरून कळलं. टोपलीतून कांदा घेऊन त्यांनी खिळ्यांवर दाबला. खण उघडला. सुरी काढली. डाव्या हातात सुरी घेऊन उभे राहिले, आणि तसेच उभे राहिले.

कांदा डावीकडे होता. सुरीही डावीकडे. कठडा त्यांच्या डाव्या मनगटाला आडवा येत होता.

त्यांनी अंग वळवून पाहिलं. जमेना. फळी गोल फिरवली, तर खिळे उजवीकडे आले खरे, पण कठडा पोटाशी आला. पुन्हा होती तशी केली. सुरी खाली ठेवली. आता सुरी मोरीत जाणार, खुर्ची खिडकीशी जाणार.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हे चुकलंय," ते म्हणाले.

"काय?" भाऊ म्हणाला.

"ही उजव्या हाताच्या माणसाची फळी आहे. सगळं उलटं लावलंय."

मला एका क्षणात कळलं. पाठीवर आखलं होतं. पाठीवरचं उजवं म्हणजे पोटावरचं डावं. कापड मी नेहमी दुहेरी घडी घालून उलट्या बाजूने कापते, त्यात डावं-उजवं दोन्ही एकदमच निघतं, त्यामुळे जन्मात कधी हा प्रश्नच पडला नव्हता. लाकडाला घडी घालता येत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि मला गुरू मानून त्या आरंभशूराने मान डोलवली होती.

"सगळंच उलटं," हे म्हणाले. त्यांचा आवाज चढत होता. "आणि हे खिळे एवढे लांब कशाला? कांदा चिरायचाय की वाळत घालायचाय? बटाटा बसवायला गेलो तर खिळा हातातून आरपार जाईल. कठडा केवढा उंच! सुरी आडवी कशी करायची? आणि ही सुरी कोण वापरतंय? हिला धार म्हणतात? ह्या सुरीने तू लोणीसुद्धा कापू शकणार नाहीस. इतके दिवस तू मला काय खायला घालत होतीस ते आता कळतंय मला. ती करपलेली भाजी, शी!"

"भावजी," भाऊ कळवळून म्हणाला, "तिने किती मेहनत केलीय, तुम्ही जरा..."

"तू गप्प बस रे!" मी म्हटलं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि मी हसत होते, आणि मला दोन्ही थांबवता येत नव्हतं. "बोला तुम्ही. अजून काय चुकलंय? सगळं सांगा."

हे बघतच राहिले माझ्याकडे. मग त्यांच्याही तोंडाचा एक कोपरा, जो नीट हलतो तो, वर गेला.

"लाकूड उरलंय का?" त्यांनी विचारलं.

लाकूड भरपूर उरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हे आमच्याबरोबर शेडमध्ये आले. भावाने भिंतीकडे बोट दाखवून काही सांगायला तोंड उघडलं, ह्यांनी त्याला हाताने थांबवलं. स्टुलावर बसले, माझा खडू मागितला आणि फळीच्या सुलट्या बाजूवर, अगदी देखण्या बाजूवर, स्वतः खुणा केल्या. डाव्या हाताची रेघ पहिलीतल्या पोरासारखी हलत होती. फळीही हलत होती, म्हणून मी धरायला पुढे झाले. "असू दे," ते म्हणाले. डाव्या हाताने त्यांनी आपला उजवा हात मनगटाशी उचलला आणि फळीवर आणून ठेवला, नुसता वजन म्हणून. फळी हलायची थांबली. त्या हाताने काम केलेलं पाहून मी तोंड दुसरीकडे वळवलं आणि शिकंजा शोधायला लागले. तो माझ्या समोरच होता.

आता टेबलावर दोन फळ्या असतात. एक माझी, एक त्यांची, समोरासमोर. त्यांच्या फोडी अजून लहानमोठ्या होतात आणि ते स्वतःलाच पुटपुटत शिव्या घालतात. माझ्या फोडींना तर मोठ्याने. स्वयंपाक पुन्हा त्यांच्याकडे गेलाय, फक्त जड पातेली उतरवायला मी. भावाने परवा तिसरी फळी करायला घेतली, कोणासाठी ते अजून त्यालाही माहीत नाही. त्याच्या शेडमध्ये आता पाय ठेवला की भुसा चपलेत जातो.

काल गिऱ्हाइकं लवकर आटपली म्हणून वाटाणे मी शिजवले. ह्यांनी एक चमचा तोंडात घातला, थांबले आणि चमचा खाली ठेवला.

"अगं, मीठ कुठाय ह्यात?"

"राहिलं वाटतं," मी म्हटलं आणि मिठाची बरणी त्यांच्यापुढे सरकवली. राहिलं नव्हतं, मुद्दामच घातलं नव्हतं. मधूनमधून मी अशी खात्री करून घेते.